चॅनलच्या ऑफिसात शिरायचंय? सोलापूरच्या पोरींसाठी थोडं सविस्तर

चॅनलमध्ये आहे म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग कुठल्या सिरियलमध्ये दिसतीस गं?" दिसत नाही हो मावशी. कुठली सिरियल किती वाजता लावायची, कुणाकडून बनवून घ्यायची, एपिसोडला किती पैसे द्यायचे आणि चालेना झाली की कधी गुंडाळायची हे ज्या टेबलावर ठरतं तिथं मी बसते. एवढं सांगेपर्यंत मावशींचा इंटरेस्ट गेलेला असतो. पण मास कॉम करणाऱ्या पोरी मात्र खोदून खोदून विचारतात, म्हणून मला जे माहितीय ते एकदाचं लिहून टाकते.

आधी एक गोंधळ मिटवू. चॅनल वेगळं आणि प्रॉडक्शन हाउस वेगळं. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी ही झाली चॅनल, यांच्या बहुतेक सिरियल बाहेरचे निर्माते बनवून देतात. दोन्हीकडं ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर) नावाचा प्राणी असतो आणि नवीन पोरं तिथंच गडबडतात. प्रॉडक्शनचा ईपी म्हणजे सेटवरचा कारभारी, लोकेशन, आर्टिस्टच्या तारखा, जेवण, जनरेटर सगळं त्याच्या डोक्यावर. चॅनलचा ईपी म्हणजे चॅनलच्या वतीनं त्या सिरियलकडं रोज बघणारा माणूस, स्टोरी ऐकायची, वनलाइन (एपिसोडच्या सीनची थोडक्यात यादी) वाचायची, कट बघायचा, हे काढा ते घाला सांगायचं आणि बँक किती शिल्लक आहे त्यावर डोळा ठेवायचा. बँक म्हणजे पुढचे तयार एपिसोड. बँक आटली की दुपारी शूट झालेलं रात्री टेलिकास्टला जातं आणि त्या दिवशी फोनवर जी भाषा ऐकायला मिळते ती इथं लिहिता येणार नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर आपल्या सोलापूर विद्यापीठात मास कम्युनिकेशन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, एफटीआयआयला टीव्हीचे एक वर्षाचे कोर्स आहेत पण ते डायरेक्शन, कॅमेरा, एडिटिंग, साउंडवाल्यांसाठी. चॅनलच्या ऑफिसात बसायला त्यातलं काही पाहिजेच असं अजिबात नाही. बीकॉम झालेली, एक्सेल नीट येणारी आणि मराठी वाचायची सवय असलेली मुलगी मला केव्हाही चालेल.

मी स्वतः शेड्युलिंगमधून आले. या डिपार्टमेंटला कुणी हौसेनं जात नाही, सगळ्यांना स्टोरीच्या मीटिंगला बसायचं असतं. इथं काम काय तर एफपीसी बनवायचा, म्हणजे अख्ख्या आठवड्याचा वेळेनुसार तक्ता, कुठला एपिसोड कधी, रिपीट कधी, ब्रेक कुठं. नियम तासाला १२ मिनिटांचा, १० जाहिरातींना आणि २ चॅनलच्या स्वतःच्या प्रोमोंना. सेल्सवाल्यांना अजून एक स्पॉट घुसवायचा असतो, प्रोमोवाल्यांना मोठा प्रोमो पाहिजे असतो, आणि सिरियलच्या ईपीला हुकच्या, म्हणजे उत्सुकता ताणणाऱ्या प्रसंगाच्या, तोंडावर ब्रेक नको असतो, आणि हे सगळे भांडायला तुमच्याच टेबलापाशी येतात. कंटाळवाणं वाटतं ना? पण चॅनलला पैसा कुठून येतो आणि कुठं गळतो हे मला तिथं जेवढं कळलं तेवढं कुठल्याच कोर्समध्ये कळलं नसतं.

आता रेटिंगचं. कुठली सिरियल किती बघितली जाते हे मोजणारी संस्था म्हणजे बार्क, ती २०१५ पासून आकडे देतीय, शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरतात आणि आकडे गुरुवारी हातात पडतात. देशभरात ५० हजारांहून जास्त घरांत टीव्हीवर काय बघतात ते टिपणारे मीटर आहेत, कुणाच्या घरात आहेत ते गुप्त. आकडे यायचे असतात म्हणून गुरुवारी सकाळी ऑफिसात कुणी फार बोलत नाही. एकदा आमच्या एका चालत्या सिरियलचा मिनिटामिनिटाचा ग्राफ उघडला तर मध्येच एका जागी रेष धाडकन खाली. एपिसोड लावून बघितला तर तिथं सासू-सुनेचा लांबलचक सीन, दोघी एकमेकींकडं बघतायत, मागं म्युझिक, डायलॉग शून्य. ऑफिसात सगळ्यांना हाच सीन जाम आवडला होता! कुणी म्हणे एडिट स्लो आहे, कुणी म्हणे समोरच्या चॅनलवर लग्न होतं.

मला मात्र सोलापूरजवळची कुंभारी आठवली. तिथं गोदूताई परुळेकर वसाहतीत बिडी कामगार बायकांची १० हजार घरं आहेत, त्यातल्या एका ओळखीच्या काकूंकडं मी सुट्टीत गेले की संध्याकाळी बसते. काकूंच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं सारखी चालू आणि नजर बिडीवर. टीव्ही लावलेला असतो तो ऐकायला. घरात बोलणं तेलुगूत, सिरियल मराठी. बिनबोलाचा सीन आला की काकू मान वर करून "काय झालं गं?" विचारतात, तोवर लेकीनं चॅनल बदललेला असतो. बिडी नसली तरी घरोघरी त्या वेळेला भाकऱ्या चालू असतात की, कान टीव्हीकडं आणि डोळे तव्यावर. मीटिंगमध्ये हे सांगितलं, थोडं हसले लोक, पण पुढच्या ट्रॅकपासून गप्प सीनमध्ये दोन-चार वाक्यं यायला लागली. सांगायचा मुद्दा, सोलापूरची आहे म्हणून बुजू नका, आपण ज्या घरांत वाढलो ती घरं त्या काचेच्या ऑफिसातल्या बऱ्याच जणांनी बघितलेलीच नसतात.

पण नुसतं एवढ्यावर वर जाता येत नाही, आणि मला खरं हेच सांगायचंय. मुलगी दिसली की तिला क्रिएटिव्हला, म्हणजे स्टोरी बघणाऱ्या प्रोग्रामिंग डिपार्टमेंटला टाकतात, "इमोशन तुम्हाला बरोबर कळतं" म्हणून. प्रोग्रामिंगच्या खोलीत बायकाच बायका. सेल्स, डिस्ट्रिब्युशन, फायनान्सच्या मीटिंगला जा, चित्र पालटतं. आणि बिझनेस हेड, म्हणजे अख्ख्या चॅनलचा प्रमुख, नेमायची वेळ आली की विचारतात काय, तर पी अँड एल (नफा-तोट्याचा हिशेब) सांभाळलाय का. मग पंधरा-पंधरा वर्षं उत्तम सिरियल दिलेली बाई मागं राहते आणि सेल्समधून आलेला कुणीतरी तिचा बॉस होतो. माझ्या बाबतीतही एकदा झालंय. त्यानंतर मी रेव्हेन्यू रिव्ह्यूला न बोलावता जाऊन बसायला लागले. लोक एकता कपूरचं उदाहरण देतात, पण तिनं १९९४ ला बालाजी टेलिफिल्म्स काढली, ती निर्माती आहे, स्वतःची मालक. आपण नोकरीबद्दल बोलतोय, तिथं एपिसोडची कॉस्ट किती, जाहिरातीच्या दहा सेकंदांचा रेट किती, ब्रेक-इव्हन कुठं, म्हणजे खर्च कुठं भरून निघतो, हे तोंडपाठ पाहिजे. पहिल्या वर्षापासून.

थोडं कडू पण. पेरोलवर असाल तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची २६ आठवडे पगारी रजा आहे, पण कॉन्ट्रॅक्ट किंवा फ्रीलान्स असाल तर सही करायच्या आधी कागद नीट वाचा. प्रॉडक्शनकडं पेमेंट ९० दिवसांनी मिळायची पद्धत आहे, म्हणजे मुंबईत पहिले तीन महिने पीजीचं भाडं घरूनच आणावं लागणार हे आईबाबांना आधीच सांगून ठेवा. आणि नोव्हेंबर २०२४ ला स्टार इंडिया आणि व्हायकॉम१८ एकत्र येऊन जिओस्टार झाल्यापासून स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एकाच मालकाकडं आलीत, म्हणजे इकडं पटलं नाही तर तिकडं जाईन हे आता तेवढं सोपं राहिलं नाही.

इंटरव्ह्यूला "मी टीव्ही बघत नाही, ओटीटी बघते" असं चुकूनही म्हणू नका, समोरची बाई तिथल्या तिथं मनातून फुली मारते (मी मारते). त्यापेक्षा जिथं अर्ज केलाय त्या चॅनलचा एक स्लॉट आठवडाभर बघा, समोरच्या चॅनलवर त्याच वेळेला काय लागतं तेही बघा, ब्रेक कुठं कुठं येतो, जाहिराती कशाच्या असतात, साबणाच्या की सोन्याच्या की खताच्या, सगळं एका पानावर लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसलं की सकाळी मुंबईत, इंटरव्ह्यू उरकून परत रात्रीच्या सिद्धेश्वरनं घरी. परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा, ऐन वेळी वेटिंगच मिळतं.