अ‍ॅम्पचा हम जात नाही? स्क्रू काढण्याआधी या चुका टाळा

अ‍ॅम्प घूंऽ करायला लागला (यालाच हम म्हणतात) की गिटार वाजवणाऱ्याचा पहिला खर्च होतो नव्या केबलवर आणि दुसरा, वाजवणं थांबताच आवाज बंद करणाऱ्या नॉइज गेटवर. दोन्ही आणून झाले तरी घूंऽ तिथेच, कारण आवाज शिरतोय कुठून हे कोणी पाहिलेलंच नसतं. ते पाहायला दोन मिनिटं पुरतात.

इनपुटमधली केबल काढा. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये रिकामा जॅक आतल्या आत शॉर्ट होतो, म्हणजे तिथून काही आत येत नाही. आवाज थांबला तर दोष गिटार, केबल किंवा पेडलचा. नाही थांबला तर व्हॉल्यूम आणि मास्टर शून्यावर आणा. तरीही तेवढाच राहिला तर पॉवर सेक्शन किंवा सप्लाय पाहायचा. नॉबबरोबर कमी-जास्त होत असेल तर गडबड त्या नॉबच्या अलीकडे, सिग्नल सुरुवातीला वाढवणाऱ्या भागात, म्हणजे प्रीअ‍ॅम्पमध्ये.

मग कान लावा. अमेरिकी लेखांतले ६० आणि १२० हर्ट्झ आपल्याला लागू नाहीत, आपली वीज ५० हर्ट्झची. जाड ई तारेवर तिसरा फ्रेट वाजवा, तो जी ९८ हर्ट्झचा असतो. अ‍ॅम्पची घरघर त्याच्या केसभर वर लागली तर ती १०० हर्ट्झ, म्हणजे रेक्टिफायरने एसीची डीसी केल्यावर उरलेला चढउतार (रिपल). जुन्या अ‍ॅम्पमध्ये अशा वेळी पहिला संशय तो चढउतार गाळणाऱ्या फिल्टर कपॅसिटरवर. त्याहून एक सप्तक खालचा, गोल आवाज बहुधा ५० हर्ट्झचा. त्यात गिटारचा सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप, ग्राउंड लूप (जोडलेली उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थला लागणं) किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर तपासायचा. पिकअपचा हम ओळखणं सोपं: गिटार धरून जागच्या जागी गोल फिरा. एका दिशेला तो जवळजवळ गायब होतो.

हायगेन, म्हणजे सिग्नल खूप वाढवणाऱ्या चॅनलवरची बारीक सूंऽ मात्र बिघाड नव्हे. गेन उतरवा, झालं.

आता सगळ्यांत घातक चूक. हम जावा म्हणून प्लगची वरची जाड पिन काढतात किंवा टू-पिन अडॅप्टर लावतात. लूप असेल तर हम खरंच जातो, म्हणूनच ही युक्ती पसरली. पण अर्थिंग तुटलेल्या अ‍ॅम्पमध्ये आत फेज चासीला (धातूच्या सांगाड्याला) लागला, तर २३० व्होल्ट तारांवरून थेट तुमच्या हातात येतात. त्याच वेळी ओठ माइकला टेकले तर सर्किट पूर्ण. लूप तोडायचा तर सिग्नलच्या वाटेत तोडा. अ‍ॅम्प, लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, तरी राहिला तर ग्राउंड लिफ्टचा (सिग्नलची अर्थ तोडणारा) डीआय बॉक्स किंवा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

उलट बाजूही आहे. जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण कधीकधी मागे अर्थची वायरच नसते. वायरमनकडून मीटर लावून घ्या: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यायला हवेत, न्यूट्रल-अर्थ फार तर दोनचार व्होल्ट. तारांना हात लावल्यावर घूंऽ कमी होणं नेहमीचंच. तारांनी फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावल्यावर पडतो, तर ब्रिजची ग्राउंड वायर सुटलेली असते. मुंग्या आल्या तर लगेच बंद.

घरातले चोर विसरू नका. सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर आणि डिमर वीज कापून देतात, त्याची करकर पिकअप पकडतो. पंखा बंद करून ऐका. इन्व्हर्टरवर स्क्वेअर वेव्ह असेल तर करकर आलीच.

पेडलबोर्डवर एका अडॅप्टरला पाच पेडलं माळेसारखी जोडली आणि त्यात एखादं डिजिटल असलं की चिरचिर सुरू होते. संशयित पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहा. शांत झालं तर आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक पेडलला स्वतंत्र वीज देणारा) घ्या आणि पेडलला लागणारे मिलिअँपिअर आधी वाचा.

केबल हलवल्यावर खरखर येते? जॅकमध्ये वंगणाचा स्प्रे मारू नका, त्यावर धूळ चिकटते. अ‍ॅम्प बंद करून, विजेची वायर काढून, केबलच्या प्लगवर थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. पावसाळ्यात कोकणपट्टीत हे अधूनमधून करावंच लागतं. आवाज मधेच खाली बसत असेल तर एफएक्स लूपचे (इफेक्ट पेडल जोडायच्या वाटेचे) सेंड आणि रिटर्न जॅक छोट्या केबलने जोडा. ठीक झालं तर रिटर्न जॅकची पट्टी काळी पडली आहे.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल तर प्रीअ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलकेच टोका. एखादा घंटेसारखा वाजला तर तो मायक्रोफोनिक, बदला. पॅनेल उघडून आत मात्र जाऊ नका: विजेची वायर काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये ३०० ते ५०० व्होल्ट साठून राहू शकतात. मेकॅनिककडे नेताना नुसतं ‘हम येतो’ म्हणू नका. ‘मास्टर शून्यावर, केबल काढलेली, १०० हर्ट्झची घरघर’ असं सांगा.