जिटर बफरला हात लावण्याआधी एक कॉल साठवून ठेवा

जिटर बफर म्हणजे मागेपुढे येणारी पॅकेटं थोडा वेळ थांबवून क्रमाने पुढे सोडणारा भाग. व्हिडिओ कॉलच्या कोडमधल्या या भागाची साफसफाई केली की आवाज कुठेतरी तुटायला लागतो, आणि नेटवर्क दर वेळी वेगळं वागत असल्यामुळे चूक पुन्हा पकडता येत नाही. त्यावर हा उपाय:

१. येणारी आरटीपी (आवाज आणि चित्र वाहून नेणारी) पॅकेटं, प्रत्येक पॅकेट आल्याच्या वेळेसह, फाइलमध्ये लिहून ठेवा. एसआरटीपी (आरटीपीचं कूटबद्ध रूप) उलगडल्यानंतरच्या टप्प्यावर लिहा, नाहीतर किल्लीशिवाय ती फाइल निरुपयोगी.

२. कोडमध्ये जिथे जिथे थेट सिस्टीमची वेळ विचारली जाते, तिथे बाहेरून दिलेलं घड्याळ वापरा. खरं कंटाळवाणं काम हेच, पण ते टाळलंत तर पुढचं सगळं फुकट. टायमर आणि स्लीपही यातच आले. तेच हमखास नजरेतून सुटतात.

३. खोट्या घड्याळावर फाइल चालवा, बाहेर पडलेल्या फ्रेमचा क्रम आणि टाइमस्टॅम्प साध्या मजकुरात उतरवा. बदलानंतर पुन्हा चालवून डिफ (दोन्ही मजकुरांतला फरक) घ्या.

पॅकेटांच्या फाइलची आणखी एक प्रत करून तिच्यातले सगळे सिक्वेन्स नंबर (पॅकेटांचे क्रमांक) सारखेच सरकवा, सुरुवात ६५,५०० पासून होईल असे. हा आकडा १६ बिटांचा, ६५,५३५ नंतर शून्यावर येतो. २० मिलिसेकंदांच्या ऑडिओ पॅकेटांना पूर्ण फेरी मारायला सुमारे २२ मिनिटं लागतात. त्यामुळे आकडा शून्यावर येताना होणारी चूक पाच मिनिटांच्या चाचणीत सहसा दिसत नाही.

सांभाळा: त्या फाइलमध्ये खरा आवाज असतो. ग्राहकाचा कॉल कोडच्या रिपॉझिटरीत (सामायिक साठ्यात) टाकू नका, चाचणीसाठी वेगळा ऑडिओ वापरा.