काकांचा संप वहीत कसा उतरवायचा

माझा पहिला प्रयत्न प्रश्नावलीनं घालवला. आमचे थोरले काका रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार, म्हणून रिटायर झाले, आता बेळगावकडच्या खानापूरजवळ गावी असतात. त्यांच्यापुढं वही उघडून 'संपाची कारणं सांगा' म्हटलं, तर काका उठले ते म्हशीची धार काढूनच परत आले. दुसऱ्या खेपेला काकूंना विचारलं, 'क्वार्टर सोडलं त्या दिवशी चुलीवर काय होतं?' नाचण्याची आंबील होती. पातेल्यासकट बैलगाडीत चढवली, वाटेत निम्मी सांडली, धाकटा रडत होता. काकू तासभर बोलत होत्या, आणि मधूनच काका 'तसं नव्हे गं' म्हणत सुरू झाले. तेव्हा सुरुवात घरातल्या बाईपासून करा.

साल विचारू नका. म्हाताऱ्यांच्या बोलण्यात रेल्वेचे तीन संप एकमेकांत गुंततात, ते शेतावरून सोडवायचे. भाताची रोपलावण चालू होती आणि पाचेक दिवस काम बंद होतं, तर तो जुलै १९६० चा, केंद्राच्या सगळ्याच नोकरांचा. एकाच दिवसाचा म्हणाले तर १९ सप्टेंबर १९६८. आणि फणस-करवंदं संपत आली, धूळवाफ पेरणी (पावसाआधीची, कोरड्या मातीतली) तोंडावर आली तरी संपातले गडी लपूनछपून, तर तो १९७४ चा: ८ ते २७ मे. मागण्या बोनसच्या, पगाराच्या आणि इंजिनावरच्या माणसांना आठ तासांच्या ड्युटीच्या. संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिसना २ मे रोजीच, संपाआधी धरलं होतं. राष्ट्रपती तेव्हा व्ही. व्ही. गिरी, जे स्वतः १९२७ साली बंगाल नागपूर रेल्वेच्या संपाचे पुढारी होते! हे काकांना सांगितलं तर म्हणाले, 'मग?' एवढंच. मी ते 'मग?' तसंच लिहून ठेवलंय.

कागद ट्रंकेच्या तळाला असतात. सिकंदराबादचं नाव असलेला एक कागद मी 'आपला नव्हे' म्हणून बाजूला टाकला होता. चूक माझी. बेळगावची लाईन आज दक्षिण पश्चिम रेल्वेत असली तरी १९७४ ला दक्षिण मध्य रेल्वेत होती, मुख्यालय सिकंदराबाद. कागदावर 'ब्रेक' शब्द शोधा. संपानं नोकरीत पडलेला खंड तो, आणि पुढच्या पेन्शनचं भांडण त्यातूनच निघालेलं असतं.

काका कन्नड मुकादमाचं बोलणं कन्नडातच सांगतात. ते देवनागरीत तसंच उतरवा, शुद्ध मराठी करत बसू नका.

कामावर गेलेल्यांनाही भेटा. त्यांना 'लॉयल' म्हणत, आणि कट्ट्यावर तो शब्द अजून शिवीसारखा येतो. त्यांच्या घरी एकटेच जा, काकांना सोबत नेऊ नका. मी नेलं होतं, चहासुद्धा झाला नाही. आणि नाव लिहू नका, नुसतं 'पॉइंट्समन (गाडीसाठी रूळ बदलणारा), वय अमुक' असं लिहा. वही गावात फिरते, नातवंडं एकाच शाळेत जातात.