शोक, सावरणं आणि गल्लीतली कुजबुज: अशी कथा लिहिताना या चुका टाळा

बडोदा हे काही छोटं गाव नव्हे. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती १६ लाखांहून जास्त होती. पण दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या जुन्या मराठी घरांपुरतं बोलायचं तर हे गावच आहे. कोणाची सून कुठली, कोणाचा मुलगा कॅनडाला गेला, कोणाच्या वाटण्या अडल्यात, सगळं सगळ्यांना ठाऊक. घरातलं माणूस जाणं, मागे राहिलेल्याचं सावरणं आणि त्यावर चाललेली चर्चा, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या तर याहून चांगली जागा मिळायची नाही. तरीही अशा कथांचे कच्चे खर्डे वाचताना त्याच त्या चुका समोर येतात आणि चांगला विषय हातचा जातो, याचं फार वाईट वाटतं.

बोलणाऱ्या बायका दुष्ट, सोसणारी देवी

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

समजा, नवरा जाऊन सव्वा महिना झालाय. शेजारच्या काकू जिन्यात कोणाला तरी सांगतायत, "मांडवीत दिसली होती. साडीच्या दुकानात." बहुतेक खर्ड्यांत या काकूंना एवढंच काम असतं. डोळे बारीक करायचे, आवाज खाली आणायचा, "आम्हाला काय करायचंय म्हणा" असं म्हणून निघून जायचं. वाचक त्यांना दुसऱ्या वाक्यात ओळखतो आणि त्यांच्याकडे पाहणं सोडून देतो.

आता खऱ्या वाड्यात काय घडतं ते आठवा. खासवाडीच्या स्मशानातून मंडळी परतायच्या आत पिठलं-भात कोणी करून आणला? याच काकूंनी. सुतकाच्या दहा दिवसांत कोण आलं, कोणाला चहा मिळाला, कोण न जेवता गेलं, याकडे कोणाचं लक्ष होतं? गेलेल्याच्या जागी लावलेल्या दिव्यात तेल आहे ना, हे रात्री उठून कोणी पाहिलं? त्यांच्या गोळ्यांचा डबा कुठल्या कप्प्यात, पासबुक कुठल्या पिशवीत, सासरच्या मंडळींपैकी कोण दहाव्यालाच हिशेबाचं बोललं, हे सगळं काकूंना माहीत आहे, कारण त्या त्या घरात राबल्यात. पुढे जिन्यात जे बाहेर पडतं ते याच राबण्यातून गोळा झालेलं असतं. डबा आणणारा हात आणि चर्चा करणारं तोंड एकाच बाईचं आहे. लेखकाने त्यांची फारकत केली की कथेतला जीवच जातो.

दुरुस्ती अशी: कुजबुज करणाऱ्या पात्राच्या तोंडी बोचरं वाक्य घालायच्या आधी त्याला घरातलं एक खरं काम करताना दाखवा. आणि त्याचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलेलं असू द्या. काकूंचे यजमान आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात, एवढं एक वाक्य आधी येऊ द्या. मग "साडीच्या दुकानात दिसली" या बोलण्यात निंदेपेक्षा धास्ती जास्त ऐकू येईल. उद्या आपल्यावर ही वेळ आली तर आपण सव्वा महिन्यात कुठे असू, हे ती बाई दुसरीच्या आयुष्यावरून तपासून पाहतेय.

अफवा तयार होऊनच दारात येते

खर्ड्यात लोक अचानक म्हणू लागतात की तिचं कोणाशी तरी आहे. का म्हणू लागले, याचा पत्ता नसतो. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये अफवेविषयी जे मांडलं ते कथालेखकाला आजही उपयोगी आहे. विषय ऐकणाऱ्याला महत्त्वाचा वाटला पाहिजे आणि माहितीत संदिग्धता पाहिजे. दोन्हींपैकी एक नसेल तर अफवा चालत नाही. शिवाय ती तोंडातोंडी जाते तसे तपशील गळतात, उरलेले टोकदार होतात आणि ऐकणाऱ्याच्या आधीच्या समजुतीकडे झुकतात.

आपल्या उदाहरणात हे घालून पाहू. खरी गोष्ट एवढीच की नवरा असताना फॉल-पिकोला टाकलेली साडी दुकानात पडून होती. दुकानदाराने दोनदा फोन केला, म्हणून ती आणायला गेली. काकूंनी पाहिलं: दुकानातून बाहेर पडताना, हातात पिशवी. दुसरीने ऐकलं: साडी घेतली. तिसरीने रंग विचारला, कारण विधवा बाईने साडी घेतली म्हटलं की तिच्या मनात पहिला प्रश्न रंगाचाच येतो. चौथीपर्यंत ती हिरवी झाली. यात कोणीही जाणूनबुजून खोटं बोललेलं नाही. गळालेला तपशील एकच, दुकानदाराचा फोन.

तुमची अफवा पोकळ वाटत असेल तर कोरा कागद घ्या. काय घडलं, कोणी किती पाहिलं आणि मधली कोणती गोष्ट कोणालाच कळली नाही, हे त्यावर मांडा. ती न कळलेली गोष्ट सापडेपर्यंत संवाद लिहू नका.

पाच पायऱ्या मोजत चढणं

आधी नाकारणं, मग राग, मग घासाघीस, मग खिन्नता, शेवटी स्वीकार. अशी शिस्तीत चालणारी नायिका पुष्कळ कथांमध्ये भेटते. एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते मुख्यतः स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या दुःखाचं ते वेळापत्रक नव्हे. कथेच्या रचनेसाठी मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक श्यूट यांचा १९९९ मधला विचार मला जास्त कामाचा वाटतो. त्यांच्या मते शोकात असलेलं माणूस हेलकावे खातं, कधी गेलेल्याकडे तर कधी पुढच्या कामाकडे, आणि या येण्याजाण्यातूनच ते सावरतं. म्हणजे सकाळी बँकेत ठामपणे सही करणारी बाई दुपारी दोन कप चहा ओतून बसू शकते. दोन्ही एकाच दिवसात दाखवा.

पहिले तेरा दिवस नुसतं रडणं

त्या दिवसांत रडायला फुरसत कुठली? गुरुजींची यादी, दहाव्याला कावळा शिवेना म्हणून खोळंबलेली माणसं, बाहेरगावच्या पाहुण्यांच्या गाद्या, तेराव्याचं गोडाचं जेवण. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, म्हणून कोणीतरी महानगरपालिकेत खेटे घालतंय. घर खरं रिकामं होतं ते चौदाव्या दिवशी, शेवटची रिक्षा स्टेशनकडे गेल्यावर. तुमची कथा पहिल्या दिवशी सुरू होत असेल आणि जागीच अडली असेल, तर ती चौदाव्यापासून सुरू करून पाहा. आधीचं सगळं दोन-तीन उल्लेखांत बसतं.

नाव बडोद्याचं, घर पुण्यातलं

सुरसागर तलावाचा उल्लेख केला, सेव-उसळ खाल्ली की बडोदं झालं असं नाही. इथला शोक दोन भाषांत होतो. मराठी घर दहावा-तेरावा पाळतं आणि त्याच घराची गुजराती वर्तमानपत्रात बेसण्याची, म्हणजे शोकसभेची, जाहिरातही येते: फोटो, तारीख, वेळ आणि खाली 'लौकिक प्रथा बंध छे', म्हणजे एरवी घरी समाचाराला येण्याची प्रथा बंद. पांढरे कपडे घातलेली माणसं येतात, हार घातलेल्या फोटोसमोर हात जोडतात, थोडा वेळ बसतात, उठतात. मराठी आत्या मात्र समाचाराला येते ती तासभर बसते, सगळी हकिगत पहिल्यापासून विचारते आणि निघताना 'येते' म्हणायचं कटाक्षाने टाळते. समोरच्या गुजराती बेन दारातूनच "जम्या के नहीं, भाभी?" विचारून ताट ठेवून जातात. नायिकेला त्या दोन मिनिटांचा आधार वाटतो की आत्याच्या तासभराचा, हे ठरवा. या एका निवडीतून पात्र कळतं.

अस्थींसाठी आणि श्राद्धकर्मासाठी इथली बरीच कुटुंबं चांदोदला जातात, नर्मदा आणि ओरसंगच्या संगमावर. त्या प्रवासात एका गाडीत कोंडलेले नातेवाईक असतात, आणि कुटुंबातल्या दबलेल्या गोष्टी निघायला याहून सोपी जागा नाही. नाशिक-पैठणचे घाट उसने आणायची गरज नाही.

पंचांगही हाताशी ठेवा. गणपती, पितृपक्ष आणि लगेच नवरात्र. श्रावणात घरातलं माणूस गेलं असेल तर महिन्या-दोन महिन्यांतच नऊ रात्री गरब्याचे सूर खिडकीतून आत येणार. ज्या मैदानावर ती दरवर्षी जायची तिथलाच आवाज. तिने तिसऱ्या रात्री नकळत ताल धरला, तर लोकांनी पाहायच्या आधी ती स्वतःच दचकेल. मला या प्रसंगात अख्खी कथा दिसते.

पाऊस

दुःखाच्या प्रसंगी पाऊस पडत असेल तर थांबवा. बडोद्यात मे महिन्यातही माणसं जातात.

एका प्रसंगात बरं होणं

तीर्थयात्रा, जुनी डायरी, परदेशातून आलेला बालमित्र. यातलं काहीही शेवटच्या पानावर आणून बाईला हसवलं की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. सावरणं छोट्या कामात दाखवा, आणि जमलं तर कुजबुजीलाच त्यात कामाला लावा. हिरव्या साडीची गोष्ट फिरत फिरत तिच्या कानावर येते. ती रागाने साडी घेऊन काकूंच्या दारात जाते, घडी उघडते. साडी मोतिया रंगाची आहे, दिवाळीसाठी नवऱ्यानेच पसंत केलेली. सव्वा महिन्यात पहिल्यांदाच ती नवऱ्याबद्दल एक पूर्ण वाक्य बोलते, तेही भांडायला गेलेली असताना. काकू माफी मागतील असं नाही. कदाचित त्या फॉल नीट बसलाय का ते हाताने चाचपून पाहतील आणि उद्या सकाळी नेहमीसारखं विचारतील, भाजी काय केलीस.

खरं घर उचलून ठेवणं

हे सर्वात काळजीने सांगतोय. एवढ्याशा मराठी वस्तीत नाव बदलल्याने कोणी लपत नाही. वाड्याचं वर्णन, मुलाची नोकरी, गेलेल्याचा आजार यांवरून लोक घर ओळखतात, आणि मग तुमची कथा हीच त्या घरावरची नवी कुजबुज होते. मृत्यूचं कारण बदला, मुलांची संख्या बदला, गल्ली बदला, दोन-तीन घरांतले तपशील मिसळा. अगदी वेगळा न करता येणारा एखादा तपशील असेल तर तो गाळा, कितीही सुंदर असला तरी. आणि छापायला देण्याआधी त्याच वस्तीतल्या एखाद्या जाणत्या बाईला खर्डा वाचायला द्या. ही कोणाची गोष्ट, असं तिने वाचताना विचारलं आणि तिचा अंदाज बरोबर निघाला, तर अजून बदल करायला हवेत.