मराठीत ख्रिस्ती ज्ञानकोश उभारताय? या चुका टाळा

आमच्या विकीवर पहिल्या दोन महिन्यांत एकाच विधीवर तीन लेख तयार झाले. वसईच्या सभासदाने 'स्नानसंस्कार' लिहिला, नगरच्या सभासदाने 'बाप्तिस्मा', आणि मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकलेल्या एका मुलीने 'बॅप्टिझम'. तिघांनी मेहनत घेतली होती आणि तिघांची माहिती बरोबर होती. फक्त आपला विषय आधीच कोणीतरी लिहिलाय, हे शोधून कोणालाच सापडलं नव्हतं. लेख एकत्र करायची वेळ आली तेव्हा 'नाव कोणाचं ठेवायचं' यावरून चर्चापानावर अशी जुंपली, की ते पान तिन्ही लेखांहून लांब झालं.

यात आळस कोणाचाच नव्हता. मराठी ख्रिस्ती शब्दसंपत्ती दोन घरांत वाढली आहे. एक घर गोवा-वसईचं, कॅथलिक, पोर्तुगीज काळापासूनचं. दुसरं प्रोटेस्टंट मिशनांचं: इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली निघालेला मराठी नवा करार, १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी, १८४२ मध्ये अहमदनगरात सुरू झालेलं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक. एका घरात 'मिस्सा' तर दुसऱ्यात 'उपासना'. इकडे 'फादर', तिकडे 'पाळकसाहेब'. गंमत म्हणजे नाताळ, पाद्री आणि क्रूस हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द दोन्ही घरं आपलेच समजून वापरतात.

शब्दांचा निवाडा करू नका, नोंद करा

नव्या विकीवर हमखास होणारी चूक म्हणजे 'प्रमाण संज्ञांची यादी' करायला बसणं. आम्हीही बसलो. चार रविवार गेले आणि यादी 'क'च्या पुढे सरकली नाही. शेवटी साधा नियम केला. ज्याने लेख आधी सुरू केला त्याचं शीर्षक राहील. पहिल्याच वाक्यात बाकीची सगळी नावं, ती कोण वापरतं यासह, येतील. आणि त्या प्रत्येक नावावरून मूळ लेखाकडे पुनर्निर्देशन असेल, म्हणजे ते नाव शोधलं तरी वाचक मूळ लेखावरच पोचेल. पुनर्निर्देशनाला एक ओळ लागते. ती वाचवण्यासाठी कोणाचा आजीपासूनचा शब्द पुसू नये.

मात्र काही शब्द पुनर्निर्देशनाने सुटत नाहीत, उलट अडकतात. 'प्रेषित' हा त्यातला सगळ्यात फसवा. मराठी बायबलमध्ये प्रेषित म्हणजे येशूने पाठवलेले बारा जण आणि पौल. यशया, यिर्मया हे तिथे 'संदेष्टे'. पण वर्तमानपत्री मराठीत 'प्रेषित मुहम्मद' रुळलेलं असल्यामुळे सर्वसाधारण वाचक प्रेषित म्हणजे संदेष्टा असंच धरून चालतो. आमच्याकडे एका उत्साही सभासदाने 'प्रेषित' नावाच्या वर्गात, म्हणजे लेखांच्या गटात, पेत्र, पौल, यशया आणि मोशे यांना शेजारी बसवलं होतं. अशा शब्दाला निःसंदिग्धीकरणाचं, म्हणजे एकाच नावाचे वेगवेगळे अर्थ दाखवणारं, पान हवंच. वर्गाचं नावही सुटं 'प्रेषित' ठेवू नका, 'येशूचे प्रेषित' असं करा.

नावांचं तेच. योहान किमान दोन: बाप्तिस्मा करणारा आणि प्रेषित. मरीया तर किती तरी. इ.स. ५९१च्या एका प्रवचनात पोप पहिले ग्रेगरी यांनी मग्दालीया मरीया, बेथानीची मरीया आणि लूकच्या शुभवर्तमानातली अनाम पापी स्त्री या तिघी एकच असल्याचं सांगितलं, आणि पश्चिमेत शतकानुशतकं ते धरून चाललं. पूर्वेकडच्या चर्चने ते कधी मानलं नाही. तेव्हा 'मरीया' हा दुवा डोळे झाकून जोडला, तर एखाद्या चित्राच्या माहितीत भलतीच बाई येते.

गावांच्या नावांत आम्ही सपशेल आपटलो ते श्रीरामपूरमुळे. कॅरींचं श्रीरामपूर बंगालमधलं, हुगळीकाठचं. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपुरातही ख्रिस्ती वस्ती जुनी आणि मोठी. आमच्या विकीवर काही आठवडे कॅरी साहेब प्रवरेच्या खोऱ्यात छापखाना चालवत होते. वाचकांपैकी कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही, हे जास्त काळजीचं. आता आम्ही बंगालच्या गावाला 'सेरामपूर' लिहितो. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हाही असाच पेच आला. आजच्या ठिकाणासाठी नवं नाव आणि तेव्हाच्या संस्थेसाठी तेव्हाचं नाव, असं ठरलं. १८४२च्या 'ज्ञानोदय'ला अहिल्यानगरात सुरू करायचं कारण नाही.

दिसायला एकच, संगणकाला दोन

हा खास देवनागरीचा त्रास. 'ॲग्नेस' टाइप करायच्या दोन रीती आहेत. काही कळफलक 'ॲ' हे एकच अक्षर देतात. काही 'अ'ला न दिसणारा जोडक आणि वर चंद्र लावतात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी शीर्षकं. 'ऱ्या'च्या बाबतीतही असंच होतं. लक्षण असं: शोधात 'नोंद नाही' येतं, म्हणून माणूस नवा लेख लिहितो, आणि मग वर्गाच्या पानावर तीच संत दोनदा दिसते, एकदा 'अ'मध्ये आणि एकदा थेट 'ह'च्याही पुढे. ते शेवटचं ठिकाण हीच खूण, कारण एकाक्षरी 'ॲ'ला युनिकोडमध्ये जागा उशिरा मिळाली आणि ती 'ह'नंतर आहे. मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) असाल तर वर्गांची क्रमवारी मराठीच्या वर्णक्रमाने लावण्याचं सेटिंग पहिल्याच दिवशी करा. नंतर बदलल्यास क्रमवारी नव्याने लावणारी देखभालीची स्क्रिप्ट चालवावी लागते. ती न चालवता 'काही फरक पडला नाही' म्हणून आमच्या प्रचालकाने, म्हणजे विकीचा कारभार पाहणाऱ्याने, सेटिंग परत काढून टाकलं होतं. शीर्षकात एकच रीत धरा आणि दुसरीवरून पुनर्निर्देशन द्या.

अंकांनीही आम्हाला एकदा तोंडघशी पाडलं. यंत्रांनी धडाधड खाती उघडू नयेत म्हणून नोंदणीला प्रश्न ठेवला होता: मराठ्यांनी वसईचा किल्ला कोणत्या साली जिंकला? उत्तर इंग्रजी अंकांत साठवलं होतं. वसईचीच माणसं मराठी अंकांत १७३९ लिहून बाहेर ताटकळत राहिली. दोन्ही अंकांतली उत्तरं भरा.

बायबलचा संदर्भ देताना

'सहावी आज्ञा' असं नुसतं लिहू नका. बहुतेक प्रोटेस्टंट मोजणीत सहावी आज्ञा खुनाविरुद्ध आहे; कॅथलिक आणि लुथरन मोजणीत व्यभिचाराविरुद्ध. आज्ञा त्याच, विभागणी वेगळी. कोणी तरी 'चूक दुरुस्त केली' म्हणून आकडा बदलतो, दुसरा परत फिरवतो, आणि दोघेही आपापल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पूर्ण गुण मिळवलेले असतात. आकड्याऐवजी आज्ञेचे शब्द द्या.

स्तोत्रांचं दुखणं जुन्या संदर्भांतून येतं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे हिब्रू मोजणीत २३वं स्तोत्र, पण ग्रीक आणि लॅटिन परंपरेत २२वं, कारण तिथे ९ आणि १० ही एकत्र धरली आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या कॅथलिक ग्रंथातून संदर्भ उचलला की तो एका आकड्याने मागे असण्याची शक्यता धरूनच चाला. पुस्तकांची संख्याही सांगताना कोणाचं बायबल ते सांगा: प्रोटेस्टंट ६६, कॅथलिक ७३.

उचललेला मजकूर

लेख पटापट वाढवायचे म्हणून जुने ज्ञानकोश भाषांतरित करायचा मोह होतो. न्यूयॉर्कमध्ये १९०७ ते १९१२ दरम्यान निघालेला पंधरा खंडी कॅथलिक ज्ञानकोश स्वामित्वहक्कातून मोकळा आहे, तेव्हा कायद्याची अडचण नाही. अडचण वयाची आहे. त्या खंडांच्या जगात दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते १९६५) झालेली नाही, मिस्सा लॅटिनमध्ये आहे आणि १९९८ साली स्थापन झालेला वसई धर्मप्रांत नाही. वर त्यातला प्रोटेस्टंटांविषयीचा सूर त्या काळाचा. प्रत्येक वाक्य आजच्या तारखेला खरं आहे का, हे बघायला जितका वेळ लागतो तितक्यात नवा लेख लिहून होतो.

यांत्रिक भाषांतराबद्दल दोनच नमुने देतो. 'रविवारचे वस्तुमान सकाळी सातला आहे.' आणि 'येशूची आवड या विषयावरील चित्रे.' पहिली मिस्सा (इंग्रजीत 'मास') होती, दुसरं दुःखसहन (इंग्रजीत 'पॅशन').

मराठी मजकुराच्या हक्कांचं गणित तसं सरळ आहे: लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. बाबा पदमनजी १९०६ साली गेले, नारायण वामन टिळक १९१९, पंडिता रमाबाई १९२२, लक्ष्मीबाई टिळक १९३६; त्यांचं लेखन घेता येतं. पण आजच्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या असतात, त्या घेता येत नाहीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' तर २०२४ साली निवर्तलेल्या लेखकाचं. देवाचं वचन सगळ्यांचं, असं म्हणत एकाने त्यातले अध्यायच्या अध्याय चिकटवले होते. वचन सगळ्यांचं असेल, भाषांतर नाही.

कोण म्हणतं, ते लिहा

आमचं सगळ्यात लांबलेलं भांडण मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायावरचं. तिथे येशूचे भाऊ म्हणून याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन यांची नावं आहेत. बहुतेक प्रोटेस्टंट म्हणतात, सख्खे धाकटे भाऊ. ऑर्थोडॉक्स परंपरा म्हणते, योसेफाच्या आधीच्या बायकोचे. कॅथलिक, संत जेरोमच्या मताने, चुलत-मावस भाऊ. लेखात यातलं एकच वाक्य ज्ञानकोशाच्या आवाजात गेलं, की उरलेले दोघे दुखावतात. तिन्ही मतं, मालकासकट, ओळीने लिहिली आणि भांडण मिटलं. 'काहींच्या मते' हा मात्र उपाय नव्हे, ती पळवाट आहे.

परंपरा आणि इतिहास यांची गल्लत दोन्ही बाजूंनी होते. प्रेषित थोमा इ.स. ५२मध्ये केरळात आला, ही तिथल्या ख्रिस्ती समाजाची जिवंत परंपरा आहे. तिला तेवढंच म्हणावं. उलट आमच्या 'महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्म' या कालपटाची सुरुवात कोणीतरी १८१३पासून केली होती, जणू धर्म इंग्रजांच्या जहाजातूनच उतरला. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, याचे वृत्तान्त आहेत. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर मेले आणि १८६२ मध्ये संत ठरले. आणि गोव्यात रायतूरला १६१६ मध्ये छापलेलं इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण मराठी की कोकणी, यावर गोव्यातल्या सभासदांना भिडण्याआधी एवढं लक्षात घ्या, की त्याच माणसाने कोकणीचं व्याकरणही लिहिलं, जे त्याच्यामागे १६४० साली छापलं गेलं. ते पुराण छापलं रोमन लिपीत होतं. माहितीचौकटीत, म्हणजे लेखाच्या कडेच्या थोडक्यात तपशिलाच्या चौकटीत, 'लिपी: देवनागरी' लिहिणारे आजवर चार भेटलेत.

माहितीचौकट हीच मुळात उतावळ्यांची जागा आहे. कुलाब्याचं अफगाण चर्च बांधलं तेव्हा अँग्लिकन होतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि आज ते त्यांचं आहे. 'पंथ' या एका रकान्यात हे मावत नाही. रकाने दोन करा, स्थापनेवेळचा आणि आजचा.

येशूला 'तो' म्हणायचं की 'ते', हाही वाद येणार. मराठी बायबल 'तो' म्हणतं. विठ्ठलालाही आपण 'तो'च म्हणतो, त्यात अनादर नाही. तरी 'आपल्या प्रभूने' मात्र काढा. वाचणारा तुमच्या देवळातला असेलच असं नाही.

जिवंत माणसं

हे शेवटी लिहितोय, पण चुकलं तर सगळ्यात महाग हेच पडतं. स्थानिक चर्चवरच्या लेखात लोक कौतुकाने कोणी कधी बाप्तिस्मा घेतला, मूळ जात कोणती, घरात कोण विरोधात होतं, हे सगळं लिहितात. चर्चच्या जुन्या नोंदवहीच्या पानाचा फोटो चढवतात. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्यावर घरातूनच पुस्तकं लिहिली गेली, ते लिहा. पण हयात, सार्वजनिक जीवनात नसलेल्या माणसाचा धर्म किंवा जात लिहिली, की त्याची नोकरी, दाखले, लग्न, शेजार यांतलं काहीही धोक्यात येऊ शकतं. असा मजकूर दिसला तर चर्चा नंतर, आधी काढा. आणि नुसता संपादनातून काढून भागत नाही: पानाच्या इतिहासात जुनी आवृत्ती तशीच उघडी राहते. प्रचालकाने ती आवृत्तीच लपवायची असते, फोटो असेल तर फाइलही, आणि संपादनाच्या सारांशात चुकून नाव लिहिलं गेलं असेल तर तो सारांशही.