दाराशी उभ्या गाडीतले पेट्रोल जात असेल तर

रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी दोन-चार किलोमीटरवरच रिझर्व्हला लागली, की संशय थेट चोरीवर जातो आणि पाठोपाठ टाकीला कुलपाचे झाकण बसवण्याचा विचार मनात येतो. संशय खरा असू शकतो. पण पेट्रोल आधी मोजावे आणि मगच खर्च करावा, कारण गळती, बिघडलेला काटा आणि चोरी या तिन्हींची लक्षणे वरवर सारखीच दिसतात, उपाय मात्र पूर्णपणे वेगळे असतात.

काट्यावर एकट्यावर विसंबू नये. टाकीतला तरंगक पेट्रोलच्या पातळीनुसार वरखाली होतो, त्यामुळे गाडी साइड स्टँडवर कललेली असताना किंवा उतारावर उभी असताना दिसणारा आकडा मेन स्टँडवरच्या आकड्याशी जुळत नाही. रात्री आणि सकाळी गाडी एकाच जागी, एकाच स्थितीत असताना काटा पाहावा. त्याहून खात्रीची पद्धत म्हणजे टाकी पूर्ण भरून किलोमीटरची नोंद करणे, गाडी नेहमीप्रमाणे वापरणे आणि पुन्हा त्याच पातळीपर्यंत भरताना किती लिटर लागले ते पाहणे. असे दोन-तीन वेळा केले, की गाडीचा खरा अ‍ॅव्हरेज कळतो. तापमानामुळे पडणारा फरक किरकोळ असतो. एका अंशामागे पेट्रोलचे आकारमान साधारण ०.१ टक्क्याने बदलते, म्हणजे १० लिटर पेट्रोल १५ अंशांनी थंड झाले तरी घट दीडशे मिलिलिटरच्या आसपासच भरते. रात्रीत लिटरभर पेट्रोल कमी झाले असेल, तर ते गारठ्याच्या खाती टाकता येणार नाही.

गळती आणि चोरी यांत फरक करण्याची सोपी कसोटी अशी, की शक्य असल्यास तीन-चार रात्री गाडी कुलूपबंद जागेत ठेवावी. ती जागा हवेशीर असावी, आणि गाडीला आधीच पेट्रोलचा वास येत असेल तर ही कसोटी न करता गाडी थेट दुरुस्तीला न्यावी. पेट्रोल तिथेही कमी होत राहिले, तर चोर गाडीतच आहे. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेल्या जुन्या दुचाकीत फ्लोटची सुई, म्हणजे त्यात येणारे पेट्रोल अडवणारी छोटी झडप झिजली, की टाकीखालचा कॉक (पेट्रोलची तोटी) उघडा राहिलेल्या रात्री पेट्रोल थेंबाथेंबाने बाहेर पडते किंवा इंजिनात उतरते. इंजिन ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू न करता आधी ती सुई आणि ऑइल बदलून घ्यावे.

आता चोरीकडे वळू. कार्ब्युरेटरच्या दुचाकीवर चोर झाकणाला बहुधा हातही लावत नाही. टाकीखालच्या कॉकपासून कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी साध्या तारेच्या क्लिपने धरलेली असते. ती ओढून काढली, खाली बाटली धरली आणि कॉक उघडला, की पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येते. त्यामुळे अशा गाडीला महागडे कुलपी झाकण बसवणे म्हणजे पुढचे दार बंद करून मागचे सताड उघडे ठेवणे होय. सकाळी कॉकची दिशा पाहावी (रात्री तो बंद करून ठेवण्याची सवय असेल तरच ही खूण उपयोगी पडते), क्लिप सरकली आहे का, नळीच्या टोकाला नव्या चिरा आहेत का आणि कॉकभोवतीची धूळ पुसली गेली आहे का, हेही तपासावे.

फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी पंपाच्या दाबाने इंधन फवारणाऱ्या) गाड्यांत टाकीतला पंप इग्निशन सुरू असतानाच चालतो, त्यामुळे नळी काढून सहसा फारसे हाती लागत नाही. तिथे झाकणातून नळी घालून पेट्रोल ओढण्याचा प्रयत्न होतो आणि तिथेच झाकणाचे कुलूप कामाचे ठरते. चारचाकीची पेट्रोल भरण्याची नळी अनेकदा वळणावळणाची असते किंवा तिच्यात अडथळा बसवलेला असतो, म्हणून उंच गाड्यांच्या बाबतीत काही चोर खालून प्लास्टिकच्या टाकीलाच भोक पाडतात. गेलेल्या पेट्रोलपेक्षा नव्या टाकीचा खर्च तेव्हा कितीतरी मोठा असतो. मालवाहू गाड्यांची डिझेलची टाकी बाजूला उघड्यावर असते. तिचे झाकण आणि तळाचा निचऱ्याचा बोल्ट या दोन्हींना संरक्षण हवे.

कार्ब्युरेटरच्या दुचाकीसाठी माझ्या मते सर्वांत परवडणारा उपाय म्हणजे तारेच्या क्लिपा काढून दोन्ही टोकांना स्क्रूने आवळणारे क्लॅम्प लावणे. ते हाताने निघत नाहीत, आणि अंधारात पान्याशी झटापट करणे चोराला परवडत नाही. नळी कापण्याची शक्यता मात्र उरते, म्हणून कॉकलाच कुलूप लावण्याची सोय त्या मॉडेलसाठी मिळत असेल तर तीही करावी. क्लॅम्प अति आवळू नये, नाहीतर रबर चिरते आणि चोरी थांबवायला जाऊन गळती ओढवून घेतली असे होते. झाकण बदलताना ते त्याच गाडीसाठी बनवलेले असावे. झाकणातून हवा आत जाण्याची वाट बंद झाली, तर टाकीत निर्वात पोकळी तयार होऊन चालती गाडी बंद पडते.

गाडी उभी करण्याची पद्धत बदलायला तर काहीच लागत नाही. कॉकची बाजू किंवा झाकणाची बाजू भिंतीला जवळ आणावी. चोराला वाकायला जागाच राहू नये. हालचालीने लागणारा दिवा अंधाऱ्या कोपऱ्यात कॅमेऱ्याइतकाच उपयोगी पडतो. कॅमेरा लावायचाच असेल तर तो फार उंच बसवू नये, कारण वरून फक्त डोके किंवा टोपी दिसते. येण्या-जाण्याच्या वाटेवर चेहरा समोरून दिसेल असा तो असावा. दुचाकीवरच्या कव्हरबद्दल माझे मत जरा वेगळे आहे: त्याने गाडी झाकते, पण त्याखाली चाललेले चोराचे हातही झाकतात.

काहीजण रोज रात्री पेट्रोल काढून बाटलीत भरतात आणि घरात ठेवतात. हे कधीही करू नये. पेट्रोल उणे ४० अंशांच्याही खाली पेट घेण्याइतकी वाफ सोडते, ती वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने जमिनीलगत साचते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले तरी एक ठिणगी पुरते. तोंडाने नळी ओढणेही तितकेच घातक आहे. पेट्रोल पोटात गेले तर उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसात उतरण्याचा धोका वाढतो. ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. चोराला अद्दल घडवण्यासाठी टाकीत साखर किंवा पाणी टाकण्याचा सल्लाही ऐकू येतो. साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही, तळाशी बसून फिल्टर तुंबवते आणि पाणी इंजिन बंद पाडते; शिक्षा मिळते ती गाडीच्या मालकाला.

टाकीत रोजच्या गरजेपुरतेच पेट्रोल ठेवणे हा काही काळापुरता उपाय म्हणून ठीक आहे. मात्र इंजेक्शनच्या गाडीतला पंप भोवतालच्या इंधनानेच थंड राहतो, तेव्हा टाकी सतत तळाला नेऊ नये.

सकाळी चोरी झाल्याचे दिसले, तर गाडी लगेच सुरू करू नये. चोराने नळी घाईत अर्धवट बसवलेली असते आणि तिथून ठिबकणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडले, तर गेलेल्या लिटरभर इंधनाचे दुःख क्षुल्लक वाटेल. वास येत असेल तर बंद जागेतले दिव्याचे बटण दाबू नये, दारे उघडावीत, विडी-सिगारेट आणि मोबाइल दूर ठेवावेत. दुचाकी मोकळ्या हवेत ढकलत न्यावी आणि सांडलेल्या जागेवर कोरडी वाळू टाकावी. वास ओसरल्यावर नळीचे, क्लिपेचे आणि जमिनीचे फोटो काढून ठेवावेत. टाकीला भोक पाडलेले असेल तर डिंक किंवा उष्णता वापरून ते बुजवू नये. ती टाकी बदलावीच लागते, आणि त्या खर्चासाठी विम्याची अट तपासून पोलिसांत तक्रार नोंदवावी. शेजाऱ्यांनाही कळवावे, कारण एका गाडीवर थांबणारा चोर विरळा. पण पुरावा हाती नसताना कोणाचे नाव घेऊ नये, आणि चोर समोर सापडला तरी त्याच्या अंगावर धावून जाऊ नये.

क्लॅम्प, कुलूप, दिवा यांपैकी जे काही केले असेल, त्यानंतर पुन्हा दोन वेळा टाकी पूर्ण भरून हिशेब मांडावा. अ‍ॅव्हरेज पेट्रोल जाऊ लागण्याआधीसारखा आला तर वाट बंद झाली असे समजावे. आला नाही, तर आता गाडी मेकॅनिककडे न्यावी.