गॅलरीत नवीन आहात? आधी ‘अगदी बरोबर!’ म्हणणं सोडा

संग्रहालयात लोकांना चित्रं दाखवायचं काम नुकतंच हाती घेतलेल्यांसाठी हे लिहितेय. कलेचा इतिहास तुम्ही शिकलेले असाल, सनावळ्या पाठ असतील. अडचण तिथे येत नाही. ती येते समोर दहा-बारा अनोळखी माणसं आणि एक चित्र उभं राहिल्यावर.

लोक चित्राकडे बघतात तरी किती वेळ? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेली एक पाहणी 2001 साली प्रसिद्ध झाली. एका कलाकृतीसमोर माणूस सरासरी 27 सेकंद थांबत होता. निम्मे लोक तर 17 सेकंदांच्या आतच पुढे सरकत होते. त्यामुळे आपलं पहिलं काम माहिती देण्याचं नाही, माणसाला तिथे थांबवायचं आहे. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसेन आणि संग्रहालय-शिक्षक फिलिप येनावाइन यांची तीन प्रश्नांची पद्धत तुम्हाला प्रशिक्षणात शिकवतीलच: या चित्रात काय चाललंय? असं म्हणण्याजोगं तुम्हाला काय दिसलं? आणखी काय सापडतंय? प्रश्न तासाभरात पाठ होतात. पुढचं मात्र कुणी नीट सांगत नाही.

समजा कुणीतरी म्हणालं, “हा माणूस दमलेला वाटतो.” आपल्याला आनंद होतो आणि तोंडातून निघतं, “अगदी बरोबर!” झालं, गाडी रुळावरून घसरली. आता सगळ्यांना कळलं की इथे चूक-बरोबर असं काहीतरी आहे आणि उत्तरं तुमच्या खिशात आहेत. पुढचा माणूस चित्राऐवजी तुमच्या चेहऱ्याकडे बघून बोलायला लागतो. ज्यांना शाळेतच चित्रकलेची भीती बसली, जे पहिल्यांदाच गॅलरीत आलेत, ज्यांना तुमची भाषा अडखळत येते, ते सगळे गप्प होतात. शेवटी कलेबद्दल वाचलेली दोन-तीन माणसं आणि तुम्ही एवढेच गप्पा मारत राहता, आणि तुम्हाला वाटतं की आज चर्चा मस्त रंगली!

याची भावंडंही ओळखून ठेवा. एकाला जोरजोरात मान डोलावून दुसऱ्याला नुसतं “हं” करणं. कुणी “इकडे अंधार, तिकडे उजेड” म्हटलं की “म्हणजे तुम्हाला छायाप्रकाशाचं नाट्य म्हणायचंय” असं त्याचं वाक्य सजवून परत देणं. हे सगळं आपण प्रेमापोटी करतो, म्हणून तर सुटत नाही. थकलेल्या दिवशी माझ्याही तोंडून अजून निसटतं.

त्याऐवजी काय करायचं? चित्रातल्या त्या जागेकडे बोट दाखवायचं, काच किंवा कॅनव्हासपासून लांबूनच, आणि साध्या शब्दांत सांगायचं: “तुम्हाला याचे खांदे उतरलेले दिसतायत. मघाशी यांना तोच माणूस रागावलेला वाटला होता.” एवढंच. शाबासकी नाही. पहिले काही दिवस फार कोरडं वाटतं, आपण उद्धट आहोत की काय असंही वाटतं. वाटू दे. लोकांना ते तसं वाटत नाही. आपलं म्हणणं कुणीतरी नीट ऐकलं, एवढंच त्यांना जाणवतं.

मग माहिती द्यायचीच नाही? द्यायची, पण वेळ बघून. ब्रुसेल्सच्या संग्रहालयात चित्रकार ब्रॉयगेलच्या नावावर असलेलं, ग्रीक पुराणकथेतल्या इकारसच्या पतनाचं चित्र आहे. शीर्षक आधी सांगितलंत तर सगळे इकारसला शोधत उजव्या कोपऱ्यात पाण्याबाहेर आलेले पाय हुडकतात आणि पुढे निघतात. न सांगता थांबलात तर नांगर धरलेला शेतकरी, वर बघणारा मेंढपाळ, जहाज, काठावरचा कोळी असं एकेक सापडत जातं, आणि कुणीतरी विचारतंच, “ते पाय कुणाचे?” मेणाच्या पंखांनी उडून समुद्रात कोसळलेल्या इकारसची गोष्ट तेव्हा सांगा. तथ्याची चूक मात्र झाकू नका. कुणी तैलचित्राला जलरंग म्हटलं तर सरळ सांगा, त्यात अपमान नाही.

आता थोडं कडवट. पाठ केलेलं भाषण हा आळस आहे. ऑडिओ गाइडही मला फारसा आवडत नाही. शेजारी उभ्या दोन माणसांना तो एकमेकांपासून तोडतो. (दृष्टिहीनांसाठी मुद्दाम केलेलं ध्वनिवर्णन वेगळं, ते हवंच.) आणि गुरू शोधत असाल तर दालनातल्या रखवालदारापासून सुरुवात करा. लोक कुठे रेंगाळतात, कुठे जांभया देतात, कुठल्या काचेवर उजेड चमकतो, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. क्युरेटरला तथ्यं विचारा, गर्दी कशी सांभाळायची ते नको.

दृष्टिहीन पाहुण्याशी बोलताना सोबतच्या माणसाकडे बघून बोलू नका. आधी आकार आणि माध्यम, मग पूर्ण मांडणी, मग तपशील. डावं-उजवं कायम बघणाऱ्याच्या बाजूने. रंगही सांगा, अनेकांना ते आठवत असतात. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने 2015 मध्ये काही चित्रांच्या उठावदार प्रतिकृती हाताने चाचपायला ठेवल्या होत्या. तुमच्याकडे तसं काही असेल तर कपाटातून बाहेर काढा. कर्णबधिर गट दुभाष्याकडे बघत असताना चित्राकडे बघू शकत नाही, म्हणून बोलून झाल्यावर थांबा. भरपूर थांबा. स्मृतिभ्रंश असलेल्यांना “आठवतंय का?” विचारू नका, “काय दिसतंय?” विचारा, तासाला चार-पाच चित्रं पुरेत आणि बसायला स्टूल हवेतच.

सगळ्यांसमोर शांतता पसरली की जीव घाबरा होतो, हे मला माहितीय. बहुतेकदा लोक तेव्हा बघत असतात. मनात दहा अंक मोजा. तरी कुणी बोललं नाही, तर प्रश्न पुन्हा विचारू नका. सगळ्यांना दोन पावलं मागे घ्या किंवा बाजूला सरकवा आणि तिथून बघू द्या. आणि खरंच एखादं चित्र चाललं नाही, तर पुढच्या चित्राकडे जा. गट काही तुमच्यावर रुसत नाही.